खोडणारा हात दिसला पाहिजे

(दृश्य : नववीचा वर्ग. फळा काठोकाठ भरलेला. मुलं मान खाली घालून उतरवून घेतायत.)

फळ्यावरचं सगळं वहीत उतरलं. अक्षर छान, समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा. आता वह्या मिटायला सांगा आणि विचारा : या धड्यात मुख्य सांगितलंय काय? उत्तराआधी हात वहीकडे जातो. लिहिण्याचं काम हाताने केलं, पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कुणी ठरवलंच नाही. टिपण काढणं म्हणजे हे ठरवणं.

शिक्षक हे रोज करतात, पण मनातल्या मनात. मुलांना दिसतो तो फक्त शेवटचा, नीटनेटका मजकूर. वर्गातला टीव्ही, प्रोजेक्टर, मोबाईल यांचा खरा उपयोग इथे आहे : शिक्षकाचा खोडणारा हात चाळीस जणांना एकाच वेळी दाखवायला.

(दृश्य : टेबलावर पुस्तकांच्या दोन थप्प्या, वर आडवी फूटपट्टी, तिच्यावर मागचा कॅमेरा खाली करून ठेवलेला मोबाईल.)

त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईल कागदापासून ३० ते ३५ सेंटिमीटर उंच ठेवला की उताऱ्याचं अर्धं पान चौकटीत मावतं. उजेड डावीकडून घ्या, नाहीतर उजव्या हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते. मोबाईल असा आडवा पडलेला असताना चित्र आडवं-उभं फिरत राहतं, म्हणून आधी स्क्रीन फिरणं बंद करा. हात आत-बाहेर झाला की फोकस हलतो; स्क्रीनवर दिसणाऱ्या कागदावर बोट दाबून तो पक्का करून घ्या. टीव्हीला जोडताना केबलने चित्र आलं नाही तर केबल लगेच बदलू नका, कारण काही मोबाईल त्या वाटेने चित्र पाठवतच नाहीत. अशा वेळी स्क्रीन कास्ट करावी, म्हणजे केबलशिवाय टीव्हीवर पाठवावी. त्यात चित्र क्षणभर मागे राहतं, म्हणून आधी लिहा, थांबा, मग बोला. आणि अक्षर मोठं काढा. शेवटच्या बाकावर स्वतः जाऊन वाचून बघा.

(दृश्य : पडद्यावर उतारा.)

हा उतारा पाहा. ‘अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात. ते वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. ताम्हिणी, महाबळेश्वर, आंबोली ही सगळी ठिकाणं याच पट्ट्यातली. डोंगर ओलांडून वारे पूर्वेकडे उतरतात तेव्हा त्यांच्यातलं बाष्प कमी झालेलं असतं. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत या चार तालुक्यांत पाऊस फार कमी पडतो.’

शब्द ४८. दहावीच्या कृतिपत्रिकेतल्या सारांशलेखनासारखं एकतृतीयांश करायचं तर १६ शब्द हवेत. बहुतेक मुलं काय करतात? वरून उतरवत येतात आणि शब्द संपले की थांबतात. इथे सोळावा शब्द ‘मुसळधार पाऊस’मधला ‘पाऊस’ आहे. म्हणजे उताऱ्याचा दुष्काळी अर्धा भाग सारांशात आलाच नाही. ॲन ब्राऊन आणि जीन डे या संशोधकांनी १९८३ साली सारांशाचे नियम मांडले, तेव्हा लहान मुलांची हीच सवय त्यांना दिसली होती : थोडं गाळायचं आणि उरलेलं जसंच्या तसं उतरवायचं.

आता पडद्यावर पेन्सिल चालू द्या, आणि सोबत कारण मोठ्याने बोला. ‘ताम्हिणी, महाबळेश्वर, आंबोली ही उदाहरणं आहेत, घाटमाथा म्हटलं की तिघं आली.’ आडवी रेघ. ‘चार तालुक्यांची नावं, त्यांच्याऐवजी पूर्वेकडचे तालुके.’ पुन्हा रेघ, वर नवा शब्द. ‘वर चढतात, थंड होतात’ इथे हात थांबतो. हे ठेवावं का? उतारा पाऊस कसा पडतो हे सांगायला आहे, की पावसातला फरक का पडतो हे? फरक. मग जाऊ दे. विज्ञानाच्या तासाला हाच उतारा असता तर नेमकं तेच ठेवलं असतं. हा थांबलेला हात मुलांनी पाहणं सगळ्यात मोलाचं आहे. इथे घाई करू नये. ‘म्हणून’ या शब्दाला मात्र गोल करा. तो कार्यकारण जोडतो. गाळताना सगळ्यात आधी तोच गळतो, आणि मग सारांशाऐवजी सुट्या वाक्यांची यादी उरते.

शेवटी पडद्यावर हे उरतं : ‘समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच बहुतेक पाऊस पाडतात, त्यामुळे पूर्वेकडच्या तालुक्यांना पाऊस फार कमी मिळतो.’ मोजा. सोळा.

(दृश्य : वहीचं पान दुमडणारी बोटं.)

ऐकताना टिपण घेण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची पद्धत सोपी आहे. डावीकडे साधारण ६ सेंटिमीटरचा रकाना, खाली ५ सेंटिमीटरची पट्टी. वहीचा छापील समास यासाठी अरुंद पडतो, म्हणून पान दुमडून घ्यावं. उजवीकडे टिपण, डावीकडे नंतर सुचलेले प्रश्न, खालच्या पट्टीत दोन ओळींचा सारांश.

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी थांबवा. चालू असताना पेन खाली, थांबल्यावर पेन वर. दोन्ही एकदम करायला लावलं की मूल शेवटचं वाक्य पकडत बसतं आणि पुढचं सुटतं. बाणाची खूण एकाच अर्थाने वापरायची हे वर्गात ठरवून घ्या. कधी ‘मुळे’ आणि कधी ‘नंतर’ असा बाण काढला तर आठवड्याने स्वतःलाच उलगडत नाही.

संगणक कक्ष असेल तर गूगल डॉक्सवर तोच उतारा द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तिथे चिकटवला की अगम्य अक्षरं येतात, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये करून घ्यावा. कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबलं की शब्दसंख्या दिसते. ती दर दोन मोकळ्या जागांमधला तुकडा मोजते : ‘डोंगराच्या पलीकडे’ दोन शब्द, ‘डोंगरापलीकडे’ एक. काही मुलं हे लवकर ओळखतात आणि नुसते शब्द जोडून संख्या खाली आणतात. तेव्हा आकडा बघा, पण वाक्यही वाचा.

टंकलेखनाचा एक धोका २०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या संशोधकांनी दाखवला : लॅपटॉपवर विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि समजेच्या प्रश्नांत मागे पडतात. २०१९मध्ये इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक आला नाही. वही की यंत्र, या वादापेक्षा मूल निवडतंय की उतरवतंय ते पाहावं.

ॲपने केलेला आयता सारांश वर्गात आणायचा असेल तर तो तपासायला आणा. मुलांनी आपला सारांश आधी लिहिलेला हवा. मग यंत्राने काय गाळलं आणि मुळात नसलेलं काय घुसवलं, ते लाल रंगात दाखवायचं.

(दृश्य : डॉक्समधला बदलांचा इतिहास. एकाच मुलीच्या सारांशाच्या तीन आवृत्त्या.)

पहिली आवृत्ती ३१ शब्दांची. दुसरी १९, पण ‘त्यामुळे’ गळलेलं. तिसऱ्यात ते परत आलंय आणि त्यासाठी ‘मुसळधार’ गेलंय. गुण देताना या तिन्ही आवृत्त्या उघडून बघा.