लॅटिन अमेरिकेतील ख्रिस्ती भक्तिगीतांचे बदलते सूर

श्रोतेहो, नमस्कार.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतील आधुनिक ख्रिस्ती संगीत म्हटले, की झगमगते व्यासपीठ, इलेक्ट्रिक गिटार आणि हात उंचावून गाणारा जनसमुदाय डोळ्यांपुढे येतो. पण या संगीताला स्वतःच्या मातीतला ठेका वापरण्याचा हक्क मिळवायलाच बराच काळ झगडावे लागले आणि त्याच्या इतिहासातला तोच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ब्राझीलमध्ये बेलेंम शहरी १९११ साली दोन स्वीडिश मिशनऱ्यांनी पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी प्रोटेस्टंट मंडळी स्थापन केली. हीच पुढे ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ म्हणून देशभर पसरली आणि १९२२ पासून तिचे ‘हार्पा क्रिस्तां’ हे गीतपुस्तक घरोघरी गेले. त्यातील शब्द पोर्तुगीज असले, तरी बऱ्याच चाली युरोप-अमेरिकेतून आलेल्या होत्या. ढोल आणि सांबा या ब्राझिली नृत्यसंगीताचा ठेका यांचा संबंध नाचगाण्याशी व आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या उपासनेशी जोडला जात असल्याने अनेक चर्चमध्ये त्यांना मज्जाव होता. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली, तेव्हा त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न याहून फारसा वेगळा नव्हता.

कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ साली उपासनेसाठी लोकभाषांची वाट मोकळी केली आणि त्यानंतर लगेचच, १९६४ मध्ये, अर्जेंटिनाचे संगीतकार आरिएल रामीरेस यांनी ‘मिसा क्रिओजा’ रचली. मिस्साविधीतील प्रार्थना स्पॅनिशमध्ये, कार्नावालितो आणि चाकारेरा यांसारख्या लोकलयींत, चारांगो हे छोटे तंतुवाद्य व बोम्बो हा ढोल यांच्या साथीने गायिल्या गेल्या. प्रोटेस्टंट ब्राझीलमध्ये असेच धाडस १९७७ साली ‘व्हेंसेदोरेस पोर क्रिस्तू’ या तरुणांच्या गटाने केले. त्यांच्या ‘जि व्हेंतू एम पोपा’ या ध्वनिमुद्रिकेत बोसा नोव्हा या जॅझकडे झुकणाऱ्या ब्राझिली शैलीचे आणि सांबाचे रंग होते. दरम्यान गरीब वस्त्यांतील पेंटेकोस्टल मंडळींनी कोणाचीही परवानगी न मागता आपली छोटी, तोंडपाठ गायची गीते बायांव आणि फोहो या ईशान्य ब्राझीलच्या लयींत बसवली. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दरवेळी वाढत्या लयीत म्हणण्याची ही रीत ज्यांनी नामाचा गजर ऐकला आहे, त्यांना परकी वाटणार नाही.

स्पॅनिश जगात मोठा बदल घडवला तो मार्कोस विट यांनी. टेक्सासमध्ये जन्मलेले आणि मेक्सिकोतील दुरांगो येथे मिशनरी कुटुंबात वाढलेले विट यांनी १९८७ मध्ये ‘कानसियोन’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. श्रोत्यांनी केवळ ऐकावे असे नव्हे, तर मंडळीने एकत्र गावे असे संगीत त्यांनी अमेरिकेतील स्पॅनिशभाषकांपासून दक्षिणेच्या देशांपर्यंत पोहोचवले. मात्र त्याची चाल बव्हंशी गोड पॉप वळणाची राहिली आणि स्थानिक लयींना त्यात दुय्यम जागा मिळाली, असे माझे मत आहे.

ब्राझीलमध्ये १९९८ हे वर्ष विशेष ठरले. बेलो होरिझोंची येथील लागोइन्या बॅप्टिस्ट चर्चमधील ‘जियांची दो त्रोनू’ या गटाने आना पाउला व्हालादांव यांच्या नेतृत्वाखाली पहिला अल्बम श्रोत्यांसमोर थेट ध्वनिमुद्रित केला. त्याच्या विक्रीतून भारतातील शोषित मुलींसाठी निधी उभारण्याचा त्यांचा हेतू होता, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असते. त्याच वर्षी साओ पाउलोचे कॅथलिक धर्मगुरू मार्सेलो होसी यांच्या गीतांच्या अल्बमने लाखो प्रतींचा खप गाठला. म्हणजे इव्हँजेलिकलांच्या, अर्थात पेंटेकोस्टल धरून सर्व सुवार्तावादी प्रोटेस्टंटांच्या, लाटेला कॅथलिकांनी गाण्यानेच उत्तर दिले. २०१२ साली ब्राझीलच्या कायद्याने गॉस्पेल संगीताला, म्हणजे तिथे याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती भक्तिसंगीताला, सांस्कृतिक आविष्कार म्हणून मान्यता दिली. २०२२ च्या जनगणनेत इव्हँजेलिकलांचे प्रमाण सुमारे २७ टक्के निघाले, हे पाहता राजकारण्यांनी या संगीताची दखल घेतली यात नवल नाही. बाजारपेठ अशी विस्तारली असताना अनेक मोठ्या गायकांच्या कार्यक्रमांत इंग्रजी स्तुतिगीतांची भाषांतरे पुन्हा ठळकपणे दिसू लागली आहेत आणि त्यामुळे जुना प्रश्न नव्या वेशात परतला आहे.

या पार्श्वभूमीवर मला डोमिनिकन रिपब्लिकचे हुआन लुइस गेर्रा यांचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. बाचाता आणि मेरेंगे या नृत्यसंगीतात आधीच कीर्ती मिळवलेल्या या कलावंताने २००४ मध्ये ‘पारा ती’ हा संपूर्ण भक्तिपर अल्बम काढला. त्यातील एका भरधाव मेरेंगेत, शत्रूला पळवून लावण्यासाठी देवाने पाठवलेल्या गांधीलमाश्या येतात. ही प्रतिमा बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातही आहे, पण गंभीर स्तोत्रकारांनी ती सहसा हाताळली नसती. या गीताला २००५ साली ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाचे लॅटिन पुरस्कार भक्तिगीतांच्या विभागात मिळाले आणि मेरेंगेच्या विभागातही मिळाले.