लाल पोशाखातला पीटर

१९४० साल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला एक तरुण चित्रकार, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, ‘लाइफ’ या नियतकालिकातले काही फोटो कापून घेतो. रक्ततपासणीला आलेला एक चिमुकला कृष्णवर्णीय मुलगा. सुई टोचायच्या आधीचा त्याचा चेहरा, आणि नंतरचा. ही कात्रणं त्यानं वीस वर्षांहून जास्त जपली.

चित्रकाराचं नाव एझ्रा जॅक कीट्स. इतरांच्या पुस्तकांसाठी त्यानं पुष्कळ चित्रं काढली. पण अशा मुलाला नायक करणारी गोष्ट कुणी त्याच्याकडे आणलीच नाही. मग १९६२ मध्ये त्यानं स्वतःच लिहिली: ‘द स्नोई डे’.

गोष्ट एवढीशीच. रात्री बर्फ पडलंय. लाल पोशाख घालून पीटर बाहेर येतो. बर्फात पावलं उमटवतो, काठीनं झाडावरचं बर्फ पाडतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो. गोळा वितळतो, अर्थातच! पीटरच्या वर्णाबद्दल मजकुरात एक अक्षर नाही. कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांत तो दिसतो, बस्स.

१९६५ साली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तिथली तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली निघाली ३४९. पीटरचा वर्ण शब्दांत का नाही, असा आक्षेपही त्यांनी घेतला. मला मात्र ते न सांगणंच मोलाचं वाटतं. पीटरला कुणापुढे काही सिद्ध करायचं नाही; त्याला बर्फात खेळायचंय.

कीट्सना एका शाळेतून पत्र आलं. वर्गातली मुलं स्वतःचं चित्र काढताना पहिल्यांदाच तपकिरी खडू उचलत होती.

आपल्याकडे फिकट गुलाबी खडूला अजून ‘स्किन कलर’ म्हणतात. ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ हे मुलीच्या देखतच बोललं जातं. मग तिला ‘मी छान आहे’ असं घोकवणारं पुस्तक आणून देतात. मुलांना त्यातला काढा लगेच ओळखू येतो.

त्यापेक्षा असं पुस्तक मांडीवर घ्या. पानं तिला उलटू द्या. तात्पर्य विचारू नका; ‘तू खिशात काय आणलं असतंस?’ एवढं विचारा. नंतर अख्खी रंगपेटी पुढ्यात ठेवा, स्वतःचं चित्र काढायला सांगा. आणि ‘अगं, अंगाला तो रंग नको, हा घे’ असं ओठांवर आलंच, तर गिळून टाका.