मीटरवरचं शून्य

(दृश्य: सोसायटीच्या फ्लॅटची गॅलरी. भिंतीवर ओळीने टांगलेले फिल्टर, खाली झाकणाचा निळा ड्रम.)

निवेदन: पुण्याच्या आसपासच्या कितीतरी सोसायट्यांत उन्हाळ्यात नळाला येतं ते बोअर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी. गप्पी माशाला त्याचं काही वाटत नाही, उलट पिल्लावर पिल्लं देते. पण घरात प्रवाळांचा समुद्री टँक असेल किंवा लाल-पांढरी क्रिस्टल श्रिंप, म्हणजे नाजूक छोटी कोळंबी असेल, तर हे पाणी थेट चालत नाही. मग गॅलरीत अशी नळकांडी चढतात. आधी गाळ अडवणारा सेडिमेंट, मग क्लोरीन खाणारा कार्बन, मग क्षार अडवणारी आरओची मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार टिपणारं डीआय रेझिन.

शेवटच्या नळीखाली ग्लास धरला, मीटर बुडवला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 0. मालक खूश. आम्ही मात्र या शून्यावर थोडा संशय घेणार आहोत.

(दृश्य: मेंब्रेन आणि रेझिन यांच्या मधली पांढरी नळी, जवळून.)

समजा नळाचा टीडीएस 600 आहे. मेंब्रेन धडधाकट असेल तर तिच्यातून 18 च्या आसपासचं पाणी निघतं, म्हणजे 97 टक्के क्षार अडले. उरलेले रेझिन खातं, म्हणून शेवटी 0. आता मेंब्रेन बिघडली आणि 18 चे 60 झाले, तरी शेवटी 0 च. फक्त रेझिन तिपटीहून जास्त वेगाने संपायला लागतं, आणि ते काही स्वस्त नाही. म्हणून मोजायचं ते या मधल्या जागी. इथे एक टी-जोड आणि छोटा कॉक बसवला की काम झालं. यंत्र रात्रभर बंद असेल तर पहिली काही मिनिटं पाणी सोडून द्यायचं. उभ्या पाण्यात क्षार हळूहळू मेंब्रेनपलीकडे झिरपतात आणि आकडा उगाच चढलेला दिसतो.

मेंब्रेन मरते बहुतेक वेळा क्लोरीनने. आज घरोघरी वापरात असलेला पॉलिअमाइडचा थर अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी 1970 च्या दशकात विकसित केला. त्याआधीची सेल्युलोज ॲसिटेटची मेंब्रेन क्लोरीन बऱ्यापैकी सोसायची. ही सोसत नाही. तिच्या आणि क्लोरीनच्या मध्ये उभा असतो तो फक्त कार्बन, सगळ्यात स्वस्तातला भाग. आणि गंमत अशी, की टीडीएस मीटरला क्लोरीन दिसत नाही.

(दृश्य: परीक्षानळीत थेंब पडतात. पाणी फिकट पिवळं होतं.)

गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच ही क्लोरीन ओळखायची ओटी टेस्ट. पाणी घ्यायचं रिजेक्टच्या, म्हणजे मेंब्रेनने बाहेर टाकलेल्या खारट पाण्याच्या नळीचं, कारण ते कार्बनमधून आलेलं असतं. थेंब टाकल्यावर पिवळी झाक आली, तर कार्बन त्याच दिवशी बदला. मेकॅनिकच्या वहीत पुढची तारीख काय लिहिली आहे, याला इथे अर्थ नाही. तपासलेलं पाणी मोरीत ओता, टँकजवळही नेऊ नका.

पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, त्यात क्लोरीनचा डोसही वाढतो. जूनमध्ये बसवलेला पांढरा सेडिमेंट श्रावणात उघडून बघा. चहाच्या गाळासारखा तपकिरी, वरून बुळबुळीत. तो तुंबला की दाब पडतो आणि मेंब्रेनचं पाणी कमी होतं. थंडीतही पाणी कमी येतं, पण तो बिघाड नव्हे. थंड पाणी मेंब्रेनमधून सावकाश जातं, इतकंच.

(दृश्य: पान्याने हाउसिंग, म्हणजे फिल्टरचं नळकांडं उघडतात. बोटावर काळी ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी.)

ही रिंग पुसा, खाचेतली घाण काढा, आणि सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. घरातली व्हॅसलीन नको, काही रबर तिने फुगतं. हाउसिंग हाताने आवळा, पान्याने जेमतेम पाव फेरा. जोर लावला की रिंग चिमटते आणि गळती हमखास. नवा कार्बन बसवल्यावर मेंब्रेनकडे जाणारी नळी काढून पहिलं काळं पाणी बादलीत जाऊ द्या.

आता उरली ती काचेवरची तपकिरी पावडर. टँक जुना, मीटर 0, तरी दर चार दिवसांनी काच माखते. अशा वेळी बोट रेझिनकडे जातं. रेझिन संपत आलं की त्यातून आधी सिलिका सुटते, आणि तीही मीटरवर उमटत नाही. डायटम नावाचं शेवाळ त्याच सिलिकावर वाढतं. रंग बदलणारं रेझिन असेल तर पूर्ण बदलायची वाट बघू नका, वरचा थोडा पट्टा शिल्लक असतानाच भरा.

(दृश्य: ड्रममधलं पाणी बादलीत, त्यात मोजून मीठ.)

हे शुद्ध पाणी नुसतं टँकमध्ये भरायचं नसतं. समुद्री टँकसाठी त्यात मीठ, श्रिंपसाठी खनिजं. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मात्र शुद्ध पाण्यानेच करायची, कारण पाणी उडतं, क्षार मागे राहतात.

आणि रिजेक्ट? एका लिटरमागे तीन लिटर धरलं, तर 600 चं पाणी 800 च्या जवळ जातं. फरशी, गाडी, फ्लश यांना ते बिनदिक्कत वापरा. कुंड्यांना रोज नको. नळी चिमटून रिजेक्ट कमी करायची युक्ती काहीजण सांगतात. ती ऐकू नका, बोअरच्या पाण्यात मेंब्रेनवर चुन्याचा थर चढतो.