पोच

(दृश्य – पहाट. देवगड तालुक्यातल्या एका घराची पडवी. खुंटीला टांगलेली पिशवी.)

या खुंटीवर पूर्वी इरलं असायचं. आता कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आहे, बंद फिरवून फिरवून दोरीसारखे झालेली. आत घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, विजेची बिलं, जुन्या मनिऑर्डरींच्या पोचपावत्या आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. तो तेवढा लॅमिनेशन केलेला.

ही पिशवी ज्यांची, त्यांना आपण काकी म्हणू. नाव नको, असं त्यांनीच सांगितलं. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा नवरा परळच्या गिरणीत होता. 1982 चा संप झाला, गिरणी गेली, मग कुठल्याशा सोसायटीत वॉचमन. गणपतीला यायचा, शिमग्याला जमलं तर यायचा. हापूसची कलमं काकींनी जगवली. चिऱ्याचा गडगा ढासळला की पुन्हा रचायला माणूस त्याच बघायच्या आणि त्याची मजुरीही त्याच चुकवायच्या.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे 929 बायका होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात 1,122, सिंधुदुर्गात 1,036. व्यासपीठावरून हा आकडा कोकणाचं कौतुक म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. कौतुक करायला हरकत नाही, पण त्यात मोठा वाटा मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे. घर बाईच्या जिवावर चालतं आणि कागद चाकरमान्याच्या नावावर असतो.

(दृश्य – मोबाइलवर उघडलेला सातबारा. बोट एकेका नावावरून खाली सरकतं.)

काकींचा सातबारा बघा. पहिलं नाव सासऱ्यांचं, ते वारून तीस वर्षं होऊन गेली. पुढं कंसात तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरातल्या थोरल्या पुरुषाचं नाव लावायचं आणि बाकी सगळे त्याच्या पोटात, अशी ही जुनी सोय. पोटात कोण कोण होतं, ते पुढं कुणी विचारलंच नाही. त्याखाली दीर, चुलत दीर, त्यांचे मुलगे. काकींच्या नवऱ्याचं नाव सापडतं. काकींचं नाही.

“ते गेले त्येका पाच वर्सां झाली. माझा नाव खय आसा ह्येच्यात?”

नाव लावायची वाट फार लांबची नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच. अर्जाला मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, नाती, पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं. तलाठी चौकशी करून गाव नमुना 6-क, म्हणजे वारस नोंदवहीत लिहितात. मग फेरफार धरला जातो, सगळ्यांना नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सगळं ऐकायला थोड्या दिवसांचं काम.

कोकणात ते अडतं नोटिशीपाशी. वारस नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला, एखादा सुरतेला. एकाचा पत्ता नाही, दुसरा बोलत नाही. काकींना कुणीतरी सांगितलं होतं, सगळ्यांच्या सह्या आणल्याशिवाय काही होत नाही. हे खरं नाही. वारस नोंदीसाठी बाकीच्यांची परवानगी लागत नाही, त्यांना कळवावं लागतं. वाटप करायचं तर गोष्ट वेगळी. हा फरक न कळल्यामुळं कितीतरी बायका वर्षानुवर्षं थांबल्यात. 2025 मध्ये महसूल खात्यानं मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. नाव छान आहे. आपल्या गावात ती कुठवर आली, ते तलाठ्याला विचारायला लाजू नका.

(दृश्य – दिवेआगर. नारळ-पोफळीची वाडी, मधेच मोकळं आकाश.)

नाव नसल्यानं काय बिघडतं, ते किनाऱ्यानं 3 जून 2020 ला पाहिलं. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, खाली दापोलीपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायची म्हणजे पाच-सात वर्षं. पंचनामे झाले, भरपाई आली, ती खातेदाराच्या खात्यात. शिंपण बाईचं, मोडलेलं झाड बाईच्या डोळ्यांसमोरचं, आणि पैसे कागदावर ज्याचं नाव त्याला. त्यात सरकारनं मुद्दाम कुणावर अन्याय केला असंही नाही. कारकुनाला उतारा दिसतो, बाई दिसत नाही.

आता माहेरच्या उताऱ्याकडे. भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी मिळते, आणि कधी कधी साडीबरोबर एक कागदही पुढं येतो. हक्कसोडपत्र. “ताई, हयसर फक्त सही कर.” नाही म्हटलं तर माहेर तुटतं, ही भीती खोटी नाही, तिची चेष्टा करू नये. पण सही करण्याआधी बाईला एवढं ठाऊक असावं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. 1994 मध्ये महाराष्ट्रानं तो अविवाहित मुलींपुरता दिला, 2005 मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला आणि देशभर सगळ्या मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. मुस्लिम घरांत वारशाचा कायदा वेगळा. तिथं मुलीला भावाच्या निम्मा वाटा आहे आणि तोही सोडून देण्याचा आग्रह तितकाच जुना. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्या भावाला चहा द्यावा, सही देऊ नये.

घराचं मात्र सोपं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावं, असं परिपत्रक 2003 पासून आहे. ग्रामसेवकाकडे अर्ज करायचा, बस.

(दृश्य – एसटी स्टँड. रात्रीची मुंबई गाडी. खिडकीतून उतरवली जाणारी बॅग.)

आता जरा अवघड जागी येऊ. विरारच्या चाळीत मार खाल्लेली मुलगी पोराला घेऊन रात्रीच्या गाडीनं कुडाळला उतरते. चार दिवसांनी आजूबाजूला कुजबुज सुरू होते, आणि कुणीतरी शहाणा सांगतो, “तक्रार मुंबईलाच करायला हवी, घडलं तिथं.” मुलगी गप्प बसते, कारण मुंबईला परत जायचं म्हणजे त्याच दारात जायचं.

हा शहाणा चुकतो. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा सांगतो की बाई तात्पुरती जिथं राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो. म्हणजे विरारचा मार कुडाळच्या कोर्टात सांगता येतो. अर्जासाठी वकील नेमायलाच हवा असं नाही. जिल्ह्यात महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात, ते घटनेचा अहवाल लिहून घेतात. त्याला पैसे लागत नाहीत. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असा कायद्याचा शब्द आहे. कोर्टाची पायरी चढलेला माणूस इथं हसेल, आणि त्याचं हसणं रास्त आहे. तरी मधल्या काळापुरता आदेश मागता येतो : मारहाणीला मनाई, पोटगी, घरात राहण्याचा हक्क. घर सासूच्या नावावर आहे एवढ्या कारणानं सुनेला बाहेर काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खबर शेजारणीलाही देता येते. चांगल्या हेतूनं दिली तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. “त्यांच्या घरातला मामला” म्हणून कडी लावून घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

181 ही बायकांची मदतवाहिनी. जिवावर बेतलं असेल तर 112. आणि 15100 हा कायदेशीर मदतीचा. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. गळ्यात मंगळसूत्र सोन्याचं असलं तरी मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती बसते. आंबे विकायला त्याच रस्त्यानं जाणं होतं.

(दृश्य – काजूचा कारखाना. तेलानं काळी पडलेली बोटं.)

काजू फोडणाऱ्या बायांची बोटं बघा. बियांच्या तेलानं कातडी सोलवटते, म्हणून आधी राख चोळायची. बरेच कारखाने छोटे, दहा माणसंही नाहीत, त्यामुळं लैंगिक छळाची अंतर्गत समिती तिथं नसते. मग तक्रार कुठं? जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. लेखी, आणि तीन महिन्यांच्या आत. घरकाम करणाऱ्या बाईलाही तीच समिती. ती कुठं बसते ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचं.

(दृश्य – हर्णै बंदर. संध्याकाळचा लिलाव. मागे मुरूडची पुळण.)

हर्णैच्या लिलावात बायकांचा आवाज पुरुषांच्या वर चढतो. पापलेटाच्या वाट्यावर बोट ठेवून भाव पाडणारी ही कोळीण ग्रामसभेत मात्र पदर ओढून मागं बसते. भाव पाडायची कला तिच्याकडे आहे, हवी ती फक्त खुर्ची. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. गावच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे, हेही. निम्म्या जागा राखीव आहेत. खुर्चीवर बाई आणि फोनवर तिचा नवरा, हे चित्र कुणी नाकारत नाही. पण महिला सभेचं इतिवृत्त मागून बघा. कितीतरी ठिकाणी सभा फक्त वहीत झालेली असते, अंगठ्यांसकट.

ठरावात केवढा जोर असतो, ते या पुळणीला माहीत आहे. पलीकडचं मुरूड, रायगडचं नव्हे, दापोलीतलं, हे धोंडो केशव कर्वे यांचं गाव. 1893 मध्ये त्यांनी देवरुखच्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा गावानं बैठक घेऊन त्यांना वाळीत टाकलं. आणि मे 2022 मध्ये घाटावरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. गावाचा कागद दोन्हीकडे चालतो.

(दृश्य – तलाठी कार्यालय. पंख्याखाली फायली.)

आपल्याकडे बाई जरा चुकली की म्हणतात, हिला पोच नाही. काकींनी पोच घ्यायला शिकायला पाच वर्षं घेतली. याआधी त्यांनी दोन अर्ज दिले होते. दोन्ही वेळा “ठेवा, बघू” असं झालं आणि पुढं अर्जच सापडला नाही. सापडणार कसा? दिल्याचा पुरावाच नव्हता. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख पडली की दिवस मोजता येतात. लोकसेवा हक्काच्या 2015 च्या कायद्यात बसणारी सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर मागता येतं. पोच नसेल तर यातलं काहीच सुरू होत नाही.

आज काकी अर्जाच्या दोन प्रती घेऊन आल्यात. भाचीनं लिहून दिलेल्या. एक टेबलावर ठेवली, दुसरी हातात धरली.

“काकी, ठेवा. बघतो.”

“बघा सावकाश. ह्येच्यार आधी शिक्को मारा.”

“पोच कशाला? मी काय पळून जातोय?”

“तुमका नको. माका व्हयी.”

शिक्क्याची शाई सुकलेली होती. पहिला ठसा अर्धाच उठला. काकींनी प्रत उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

“आकडो दिसणा नाय. परत मारा.”

(दृश्य – पडवी. खुंटी. पिशवी.)