भुरीवर मारतो ते गंधक, मातीत किती?

(दृश्य: निफाड तालुका, सकाळ. द्राक्षबागेत ब्लोअर चालू आहे.)

नाशिक जिल्ह्यात गंधक कुणाला सांगायला नको. द्राक्षावर भुरी हा बुरशीचा रोग दिसला, की 80 टक्के गंधकाचा पुडा फुटतो. पण हे झालं पानावरचं औषध. बांधापलीकडच्या कांद्याला गंधक अन्न म्हणून लागतं आणि ते मुळांतून जावं लागतं. तिथं मात्र खताचा हिशेब नत्र, स्फुरद, पालाश इथंच थांबतो.

(दृश्य: लासलगाव बाजार समिती. लिलाव.)

कांदा चिरताना डोळ्यांना झोंबते ती वाफ गंधकाच्या संयुगांची. जमिनीत गंधक कमी, तर कांद्याचा तिखटपणा कमी. उणीव चवीपुरती राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण सिस्टीन आणि मेथिओनीन या अमिनो आम्लांत गंधक असतं. ते नसेल तर प्रथिनंच नीट बनत नाहीत. पात खुरटते, कांदा पोसत नाही. सोयाबीनमध्ये तेल घटतं, हवेतलं नत्र धरणाऱ्या मुळांवरच्या गाठींचं काम मंदावतं.

मग मातीतलं गंधक गेलं कुठं? काही पिकांनी नेलं. हलक्या, मुरमाड रानात सल्फेट, म्हणजे मुळांना घेता येणारं गंधकाचं रूप, पाण्याबरोबर खाली झिरपून जातं. बहुतेक साठा सेंद्रिय पदार्थांत असतो. शेणखत कमी पडलं तसा तोही आटला.

मोठं कारण मात्र खताच्या गोणीत आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद आणि 11 टक्के गंधक. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) स्फुरद 46 टक्के, वर 18 टक्के नत्र. गंधक जवळजवळ नाहीच. डीएपीच्या एका गोणीएवढं स्फुरद द्यायचं, तर सुपरच्या जवळपास तीन गोण्या आणाव्या लागतात. गाडीभाडं, हमाली, फेकायची मजुरी, सगळंच वाढतं. शेतकरी डीएपीकडे वळला, यात त्याला काय दोष द्यायचा? पण त्या तीन गोण्यांबरोबर 16 किलोच्या आसपास गंधक न मागता रानात पडायचं. ते बंद झालं.

(दृश्य: कांद्याची पिवळी पात, जवळून.)

नत्र कमी पडलं, की आधी जुनी पात पिवळी पडते. गंधकाच्या कमतरतेत नवी, कोवळी पात फिकी होते. हा फरक न पाहता युरिया पडतो. गंधकाशिवाय त्या नत्राचं पुरतं प्रथिन होत नाही. उलट जादा नत्रानं कांद्याची मान जाड राहते आणि असा माल साठवणीच्या चाळीत लवकर सडतो.

(दृश्य: काढणीनंतरचं रान. मातीचा नमुना घेताना.)

2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यात गंधकही आहे. किलोभर मातीत उपलब्ध गंधक 10 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर जमीन कमतरतेची समजतात. मग लागवडीआधीच सुपर किंवा 90 टक्क्यांचं दाणेदार गंधक द्यावं. दाणेदार गंधक पिकाला लगेच घेता येत नाही. ओलाव्यात मातीतले जीवाणू त्याचं सल्फेट करतात आणि त्याला काही आठवडे जातात. उभ्या कांद्यात पिवळेपणा दिसल्यावर ते टाकून तेवढी वाट पाहायला वेळ नसतो. तेव्हा अमोनियम सल्फेट द्यावं आणि त्यातल्या नत्राएवढा युरिया कमी करावा.