चार स्क्रू, एकोणीस पायऱ्या

(दृश्य: पहाट. बडोद्याचा दांडिया बाजार. दुकानांची शटर्स खाली. लाकडी जिन्याची करकर.)

या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. चढ उभा, कठड्याच्या जागी वरून सोडलेला दोर, आणि अकरावी पायरी जरा डावीकडे कललेली. माझी आत्या लग्न होऊन या घरात आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आज बासष्ट. चढताना तिला फारसं काही होत नाही, उतरताना होतं. उतरताना कंबर मागे झुकते आणि मणक्यातली आधीच अरुंद झालेली जागा आणखी आवळते, हे डॉक्टरांनी खूप नंतर सांगितलं. ती स्वतः दोन वर्षं एवढंच म्हणत होती, "उतरताना पाय माझे राहत नाहीत रे."

नाव घ्यायचं नाही, या अटीवर तिने कॅमेरा घरात येऊ दिला. त्यामुळे फिल्मभर ती नुसती आत्या. आणि फिल्म मणक्याचं ऑपरेशन करायचं की नाही, या तिच्या निर्णयाची.

(दृश्य: खंडेराव मार्केट. भाजीच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या.)

दांडिया बाजारातून खंडेराव मार्केटला जायला रिक्षा करावी इतकं काही ते लांब नाही. त्या सकाळी आत्या वाटेत आणि मार्केटात मिळून चार वेळा थांबली. दर वेळी एखाद्या लारीवर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकायची आणि मिनिटभर तशीच राहायची. भाजीवाल्याला वाटायचं, घासाघीस चाललीय. "बेन, भाव तो ए ज छे." मग संकोचाने ती काहीतरी घ्यायची. आत्याचे पाय भरून आले की घरात दुधी येतो, हे आतोबांचं निरीक्षण.

पुढे वाकल्यावर बरं वाटतं ते का, हे समजलं की निम्मा आजार समजतो. कमरेत पाच मणके. मागच्या बाजूने नसांचा जुडगा ज्या पोकळीतून खाली जातो, ती पोकळी वय वाढेल तशी आकसत जाते. उभं राहिलं, चाललं की नसा दाबल्या जातात, पाय जड होतात, मुंग्या येतात. वाकलं किंवा बसलं की पोकळी जरा उघडते. आत्याच्या बाबतीत यात आणखी एक भर होती. चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलेला. पन्नाशीनंतर हे बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं, आणि बहुतेक याच चौथ्या-पाचव्या जोडीत.

आपल्याकडे कंबर दुखली की सगळे म्हणतात, "मणक्यात गॅप आलाय." गॅप येत नाही. होतं उलटंच. मधली गादी झिजते आणि अंतर कमी होतं. पण हा शब्द एवढा रुळलाय की डॉक्टरसुद्धा तोच वापरताना मी ऐकलंय.

एमआरआयचा रिपोर्ट घरात आला त्या दिवशी तो सात जणांनी वाचला. डॉक्टर एकही नव्हता. 'झीज', 'फुगवटा', 'दाब' असल्या शब्दांनी सगळे हादरले. 2015 साली एका पाहणीत, पाठीचं काही दुखणं नसलेल्या तीन हजारांवर माणसांचे स्कॅन एकत्र करून बघितले होते. विशीतल्या 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरातल्यांत 96 टक्क्यांच्या. त्या सातही जणांचा एमआरआय काढला असता तरी पानभर मजकूर आला असता. ऑपरेशन रिपोर्टचं करायचं नसतं, हे आत्याला पहिल्यांदा सांगितलं ते तिची फिजिओथेरपी करणाऱ्या तरुणीने.

(दृश्य: स्वयंपाकघर. आत्या पाटावर बसून पोळी लाटते आहे.)

आत्या ऑर्डरीने फराळ करते. दिवाळीला चकल्या, कडबोळी, अनारसे, संक्रांतीला गुळपोळ्या, होळीला पुरणपोळ्या. दांडिया बाजार, रावपुरा, आणि आता वाघोडिया रोडकडे राहायला गेलेली दक्षिणी घरंसुद्धा तिचीच गिऱ्हाइकं. दक्षिणी म्हणजे आम्ही, बडोद्यातले मराठी. आमचे शेजारी अजूनही आम्हाला असंच म्हणतात. बसून लाटायला तिला अडचण नाही. तळायला उभं राहावं लागतं, आणि दहा मिनिटांच्या वर आता ती उभी राहू शकत नाही.

व्यायामावर तिचा विश्वास घरातूनच आलेला. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, जुम्मादादांच्या आखाड्यात मल्लखांब करायचे. त्या आखाड्याचे गुरू प्रो. माणिकराव यांचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जायचं. व्यायामाला जेवढं, तेवढंच निखळलेली हाडं बसवण्यालाही. "हाडाला हत्यार लावायचं ते शेवटी," हे आजोबांचं वाक्य ती अजून म्हणते. म्हणून तिने सांगितलेलं सगळं निगुतीने केलं. तीन महिने फिजिओथेरपी. स्थिर सायकल, कारण सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो. वजन चार किलो उतरवलं. मग कमरेत एक इंजेक्शन.

खरा घोळ त्या इंजेक्शनने केला. पाच आठवडे ती पूर्वीसारखी चालली. मधोमध महादेवाचा पुतळा असलेल्या सुरसागर तळ्याला वळसा घालून आली, एकदाही न थांबता, आणि मला फोन करून म्हणाली, "महादेवाला चारी बाजूंनी बघून आले." सहाव्या आठवड्यात पाय पुन्हा भरून आले. आपण काय गमावलंय ते तोपर्यंत ती विसरली होती. आता आठवलं.

(दृश्य: प्लास्टिकचा मणका, दवाखान्याच्या टेबलावर.)

पहिल्या सर्जननी फ्यूजन सांगितलं. यात दोन कामं असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. एक, दाबणारं हाड आणि जाड झालेला पडदा काढून नस मोकळी करणं. दुसरं, सरकलेला मणका खालच्या मणक्याशी कायमचा जोडून टाकणं. त्यासाठी चार स्क्रू, दोन सळ्या, गादीच्या जागी एक छोटा पिंजरा आणि हाडाचा चुरा.

स्क्रूंनी मणके जोडले जातात असं मलाही वाटायचं. स्क्रू फक्त धरून ठेवतात. स्लॅब ओतल्यावर खाली सेंट्रिंग असतं ना, तसं. जोडतं ते हाडच, आणि स्लॅब महिन्याभरात पक्का होतो तसं हाडाचं नाही. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तेवढ्यात ते जुळलं नाही तर स्क्रू ढिले होतात, कधी तुटतातही. तंबाखू, मिश्री, सिगारेट असेल तर हाड जुळायला अडतं. हाडं ठिसूळ असतील तर स्क्रूची पकड राहत नाही. आत्याची हाडांची तपासणी झाली, आकडा चांगला नव्हता, मग आधी त्याचं औषध सुरू झालं.

ही शस्त्रक्रिया आहे जुनी. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये आल्बी आणि हिब्ज या दोन सर्जननी वेगवेगळी केली, ती मणक्याच्या क्षयासाठी. क्षयाने मणका ढासळत जायचा, त्याला टेकू हवा होता. पुढे स्क्रू आले, सळ्या आल्या, आणि ढासळणाऱ्या मणक्यासाठी काढलेला उपाय नुसत्या दुखणाऱ्या कमरेपर्यंत येऊन पोहोचला. ब्रिटनमध्ये 2005 साली, जुनी कंबरदुखी असलेल्या 349 जणांच्या अभ्यासात, नेटाने करून घेतलेल्या व्यायामापेक्षा फ्यूजन सरस आहे असं ठामपणे दिसलं नाही.

हे वाचून मी पेटलो. 2016 चा स्वीडनचा अभ्यास काढला. 247 रुग्ण, सगळ्यांची पोकळी अरुंद, त्यांतल्या बऱ्याच जणांचा मणका सरकलेला. नुसती नस मोकळी केलेले आणि वर फ्यूजनही केलेले, दोन वर्षांनी सारखेच. 2021 चा नॉर्वेचा, 267 रुग्ण, सगळे आत्यासारखे सरकलेल्या मणक्याचे. तिथेही नुसती नस मोकळी करणं मागे पडलं नव्हतं. प्रिंट काढून मी बडोद्याला आलो आणि झोपाळ्यावर बसून आत्याला भाषण दिलं.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्या दोनशे बायकांचा मणका माझ्याएवढा हलत होता का?"

दुसऱ्या सर्जननी नेमकं तेच बघितलं. उभं राहून पुढे वाकून एक एक्स-रे, मागे झुकून एक. आत्याचा मणका दोन्हींत दोन जागी होता, आणि फरक साध्या डोळ्याला दिसत होता. रात्री कुशीवर वळताना कळ येते ती त्यामुळे असावी, असं ते म्हणाले. तिच्या बाबतीत जोडणं बरं, पण एखादा चांगला सर्जन नुसती नस मोकळी करूनही थांबेल, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. माझे प्रिंट खोटे नव्हते. ते सरासरीबद्दल बोलत होते, एवढंच.

मग आत्याने विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "डॉक्टर, पाय दुखायचे थांबतील की कंबर?" उत्तर सरळ मिळालं. पायांचं दुखणं बहुतेक लवकर हटेल. बधिरपणा सावकाश जाईल, कदाचित थोडा राहील. कमरेची खात्री नाही. आणि जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या मणक्यावर भार वाढतो, तो पुढे कधीतरी कुरकुर करू शकतो.

एक गोष्ट इथे मध्येच सांगायला हवी. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेनासं होत चाललं, तर हा सगळा विचारविनिमय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. आत्याला वेळ होता, म्हणून ही फिल्म झाली.

(दृश्य: घर. कॅमेरा जमिनीजवळून फिरतो.)

ऑपरेशन तीन-चार तासांचं. त्याबद्दल आत्याला भीती नव्हती. तिची भीती या घराची होती.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी उभं करतात, चालवतात, चार-पाच दिवसांत घरी सोडतात. मग सहा आठवडे ते तीन महिने तीन गोष्टी बंद. वाकणं, कमरेत वळणं, उचलणं. या घरात बघा. तांदळाचा डबा ओट्याखाली. देवघर जमिनीवर. संडास भारतीय पद्धतीचा. पाच लिटरचा कुकर भरला की उचलायच्या मर्यादेबाहेर. झोपाळ्यावर बसता येणार नाही, आणि बडोद्याच्या घरात दुसरं बसायचं असतं कुठे? अंथरुणातून उठायचं तेही लाकडाचा ओंडका वळवावा तसं. आधी सबंध कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटून अंग वर. वेदनेच्या गोळ्यांनी पोट जड होतं, त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही आणि नंतर सगळे त्याबद्दलच बोलतात. पहिले काही आठवडे बसणंच सगळ्यात अवघड जातं. ॲक्टिव्हा दोनेक महिने तरी नाही. आणि एकोणीस पायऱ्या.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "मी पंधरा दिवस येतो, लॅपटॉप घेऊन."

"पंधरा दिवसांत तर नुसते टाके निघतात," आत्या म्हणाली.

आतोबांना चहा येतो. फक्त चहा, आणि तोही साखर चुकवून. शेजारच्या बेन येऊन म्हणाल्या, "हुं छुं ने," मी आहे ना. आत्याने त्यांना एकच विचारलं, "केटला दिवस?" किती दिवस? बेन हसल्या, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगायला आल्या. सकाळचा स्वयंपाक, रोज, उत्तरायणपर्यंत. उत्तरायणाला त्यांच्याकडे पाहुणे असतात.

मग आत्याने भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. दिवाळीच्या ऑर्डरी सोडायच्या नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मोकळी. तिथून तीन महिने धरले तर गुळपोळ्या गेल्या. होळी? डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओट्याशी खुर्चीवर बसून लाटा हवं तर, पुरणाचं पातेलं दुसऱ्याने उचलायचं. तिने होळीवर पेन्सिलीने गोल केला. पेन्सिलीनेच.

"मग करायचं का?" मी कॅमेऱ्यामागून विचारलं.

"बघू."

नवरात्रभर पुन्हा पुन्हा हेच उत्तर. गरबा तिने खुर्चीवरून बघितला.

(दृश्य: सकाळ. संडासातली फोडलेली फरशी, सिमेंटची गोणी.)

नवरात्र संपल्यावर एका सकाळी शूटिंगला पोहोचलो, तर जिन्यात कडिया, म्हणजे गवंडी, भेटला. खांद्यावर पांढरा कमोड, एक हात दोराला. अकराव्या पायरीवर त्याचा तोल गेला होता, थोडक्यात वाचला. आत्या वरून ओरडत होती, "ए डावीकडे कलते ती, जपून."

चार दिवसांचं काम, तो म्हणाला. तीन दिवसांत कर, चकल्यांची भाजणी दळायची आहे, असं आत्या म्हणाली. मग त्याने भिंतीशी स्टीलची दांडी धरून विचारलं, ही उजवीकडे लावू की डावीकडे?

आत्या काही न बोलता खोलीत गेली. पलंगावर आडवी झाली, गुडघे जवळ घेतले, सबंध अंग एका कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, हाताने रेटून उठली. आपला कुठला हात पलंगावर टेकलाय ते नीट बघितलं.

"उजवीकडे," तिने आतूनच सांगितलं.