शाळा लवकर का सुटली

मे २०१५. अमेरिकेतलं कॅन्सस राज्य. शाळेला कुलूप आहे, पण वेळापत्रकाप्रमाणे सुट्टी लागायला अजून अवकाश होता. काही स्कूल डिस्ट्रिक्टनी, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी, शाळेचं वर्ष काही दिवस आधीच गुंडाळलं, कारण पैसेच पुरेनात. पोरांना काय, मज्जाच. पण घरात दोघंही कामाला जाणारे असतील तर त्या पोरांकडे बघायचं कुणी? एक तर रजा टाका नि पगार कापून घ्या, नाहीतर पाळणाघराचे पैसे भरा.

याचं मूळ शोधायला तीन वर्षं मागे जावं लागतं. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी मोठ्ठी टॅक्सकपात केली, इन्कम टॅक्सचा सगळ्यात वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) सारख्या धंद्यातून मालकाला होणाऱ्या नफ्यावर राज्याचा इन्कम टॅक्स सरळ शून्य करून टाकला. ते म्हणाले, इकॉनॉमीला हे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आहे.

हे शून्याचं प्रकरण जरा नीट बघू. समजा एकाच ऑफिसात दोघं बसतात, मालक आणि त्याचा हिशेब लिहिणारा क्लार्क. क्लार्कच्या पगारातून टॅक्स कापला जातो आणि मालकाचा नफा त्याच्या कितीतरी पट असला तरी त्यावर राज्याला एक डॉलरही द्यायचा नाही, आणि हा सगळा हिशेब लिहितो कोण तर तो क्लार्कच!

आता क्लार्कला काहीच मिळालं नाही असं नाही हं, त्याचाही दर थोडा उतरला, हातात चार पैसे जास्त आले. पण त्याच कायद्याने पाळणाघराच्या खर्चावर मिळणारी टॅक्सची सूट काढून घेतली. म्हणजे एका खिशात घातलं नि दुसऱ्यातून काढलं, फक्त काढताना कुणी भाषण केलं नाही.

तिजोरीत एका वर्षात सुमारे ७० कोटी डॉलर कमी आले. मग रस्त्यांसाठी ठेवलेला पैसा उचलायला सुरुवात झाली, इतका की लोक हायवे खात्याला गमतीने बँक म्हणायला लागले. रेटिंग एजन्सींनी राज्याची पत कमी केली. तरी भागेना, म्हणून २०१५ मध्ये सेल्स टॅक्स ६.१५ वरून ६.५ टक्के. आणि कॅन्ससमध्ये तेव्हा किराणा मालावरही हा टॅक्स पूर्ण लागायचा. महिन्याचा अख्खा पगार महिन्यातच संपतो अशा घराला हा टॅक्स कमाईच्या मोठ्या भागावर बसतो, ज्याची निम्मी कमाई शिल्लक पडते त्याला लहान भागावरच. दर तोच, पण झळ वेगळी.

मार्च २०१७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळांना दिला जाणारा पैसा अपुरा आहे. जूनमध्ये विधिमंडळाने, म्हणजे गव्हर्नरच्याच रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने, त्यांचा व्हेटो मोडून कपातीचा बराचसा भाग मागे घेतला. धंद्यांचं शून्यही गेलं.

सेल्स टॅक्स मात्र तिथेच राहिला. किराण्यावरचा राज्याचा टॅक्स टप्प्याटप्प्याने उतरत शून्यावर यायला १ जानेवारी २०२५ उजाडलं. ज्या पोरांची शाळा तेव्हा लवकर सुटली होती, त्यातली बरीचशी तोवर स्वतःचा किराणा स्वतः आणायला लागली होती.